बेसूर कोण? कान, गळा की मेंदू?

स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेत समूहगीताच्या तालमी सुरू होतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका तालमीत मी पेटीवर बसलो होतो. तिसऱ्या रांगेतला सातवीतला एक मुलगा मोठ्या उत्साहाने गात होता, पण त्याचा सूर इतरांच्या सुराशी काही केल्या जुळत नव्हता. कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. मी त्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हटलं, "अरे, तू नुसते ओठ हलव." त्याने मान डोलावली. कार्यक्रमात त्याने ओठ हलवले. त्यानंतर वर्षभर तो गाण्याच्या तासाला गायला नाही.

मी विज्ञान शिकवतो. प्रयोग फसला तर एकेक टप्पा तपासून नेमकं कुठे चुकलं ते शोधा, असं मी मुलांना नेहमी सांगतो. या मुलाच्या बाबतीत मात्र मी एकही टप्पा तपासला नाही. त्याला सुरांमधला फरक कळत नव्हता का? की कळत होता, पण लक्षात राहत नव्हता? की ऐकणं आणि लक्षात ठेवणं दोन्ही ठीक होतं, पण गळ्यातून तसा सूर निघत नव्हता? या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र तिन्हींवर 'बेसूर' हा एकच शिक्का मारून मोकळे होतो.

हे टप्पे समजून घ्यायचे तर गाणं ऐकताना आपल्या कानात आणि मेंदूत काय घडतं ते पाहायला हवं.

कान काय करतो?

गाणं म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत हवेच्या दाबात होणारे बारीक चढउतार. हे चढउतार कानाच्या पडद्यावर आदळतात आणि पडदा थरथरतो. त्याला जोडलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं ती थरथर आत पोहोचवतात. यातलं रिकीब हे आपल्या शरीरातलं सर्वांत लहान हाड. ते जेमतेम तीन मिलिमीटर असतं.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. ही नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लवचीक पडदा पसरलेला असतो. बाहेरच्या टोकाशी तो अरुंद आणि ताठ, तर आतल्या टोकाशी रुंद आणि सैल असतो. त्यामुळे उंच सुरांनी तो बाहेरच्या टोकाजवळ जास्त हलतो आणि खालच्या सुरांनी आतल्या टोकाजवळ. या पडद्यावरून लाट कशी सरकत जाते हे मूळचे हंगेरीचे असलेले जॉर्ज फॉन बेकेशी यांनी मृत व्यक्तींच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं. त्यासाठी त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या पडद्यावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांना आपण केसपेशी म्हणू. ध्वनीची बातमी मेंदूकडे पाठवण्याचं मुख्य काम करणाऱ्या केसपेशी एका कानात जेमतेम साडेतीन हजार असतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे कानाचा संसार किती काटकसरीचा आहे ते कळतं. शिवाय माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं.

केसपेशी हलल्या की श्रवणचेतेच्या तंतूंमधून विजेचे सूक्ष्म संदेश निघतात. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या दोनतीन थांब्यांवरून पुढे जात कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या श्रवणकेंद्रात पोहोचतात. कॉक्लियात जसे सूर क्रमाने मांडलेले असतात, तसेच ते श्रवणकेंद्रातही मांडलेले असतात. खालच्या सुरांना प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी एकीकडे, वरच्या सुरांच्या दुसरीकडे. जणू पेटीच्या पट्ट्याच.

इथवर वाचून वाटेल, झालं की! पट्टी दाबली, सूर कळला. पण गोष्ट इतकी सोपी नाही.

जो सूर आलाच नाही, तो ऐकू कसा येतो?

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १२० हर्ट्झच्या आसपास असतो. साध्या दूरध्वनीच्या तारेतून मात्र सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच ध्वनी पाठवले जात. म्हणजे १२० हर्ट्झचा मूळ सूर वाटेतच गळून पडे. तरीही फोनवरचा काकांचा आवाज आपल्याला लहान मुलासारखा किनरा वाटत नसे. तो भारदस्तच ऐकू येई. हा सूर आला कुठून?

गळ्यातून किंवा तारेतून निघणारा कोणताही सूर एकटा नसतो. १२० हर्ट्झच्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात : २४०, ३६०, ४८०, ६०० आणि पुढे. फोनमधून यातले पहिले दोन जात नाहीत, पण ३६०, ४८०, ६०० जातात. मेंदू या आकड्यांमधलं नातं ओळखतो. सहावीतल्या मुलाला विचारा, ३६०, ४८० आणि ६०० यांचा मसावि किती? १२०. मेंदू जणू मसावि काढतो आणि न आलेला मूळ सूर आपल्याला ऐकवतो.

हे काम नक्की कुठे होत असावं याचा एक धागा २००५ साली अमेरिकेत मार्मोसेट जातीच्या लहान माकडांवरच्या प्रयोगांत मिळाला. त्यांच्या श्रवणकेंद्राच्या एका भागात अशा चेतापेशी सापडल्या, की मूळ सूर ऐकवला तरी त्या चेततात आणि मूळ सूर वगळून नुसते उपस्वर ऐकवले तरीही चेततात. म्हणजे 'सुराची उंची' ही गोष्ट हवेत तयार मिळत नाही. हवेत असतात ती कंपनं. त्यांतून सूर घडवतो तो मेंदू.

आता हेच आकडे घेऊन तंबोऱ्यापाशी जाऊ. समजा, खर्जाची तार १२० हर्ट्झची आहे. तिचा तिसरा उपस्वर ३६०, म्हणजे पंचम. चौथा ४८०, म्हणजे पुन्हा षड्ज. आणि पाचवा ६००, म्हणजे त्या षड्जाच्या सव्वापट, अर्थात शुद्ध गंधार. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. तरीही जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो आणि गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा भास नव्हे, तो हवेत खरोखरच असतो. नवख्या माणसाचा मेंदू सगळे उपस्वर एकत्र बांधून एकच षड्ज ऐकवतो. सराव झालेल्याचा मेंदू त्या मोळीतून गंधाराची काडी वेगळी काढू शकतो. कान दोघांचेही सारखेच असतात.

तबल्याचंही असंच. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून मेंदूला त्यांचा 'मसावि' सापडत नाही. डफाचा आवाज दमदार असतो, पण त्याचा सूर नेमका सांगता येत नाही. तबल्यावर आणि मृदंगावर मधोमध शाई चढवली की उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ येतात. म्हणूनच तबला षड्जात मिळवता येतो. हे सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२० साली दाखवून दिलं. शाईचं गणित मांडलं गेलं विसाव्या शतकात. पण ती चढवणाऱ्या कारागिरांनी मेंदूला काय हवं ते कानाने कितीतरी आधी ओळखलं होतं.

चाल म्हणजे गुणोत्तर

वर्गात एक प्रयोग करून पाहा. शाळेच्या प्रार्थनेची सुरुवात पेटीवर काळी एकपासून वाजवा, मग तीच काळी चारपासून वाजवा. मुलं दोन्ही वेळा गाणं ओळखतील. पण विचार करा, दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचा बहुधा एकही सूर त्याच्या जागी नव्हता!

आकडे घेऊ. सा २४० हर्ट्झ असेल तर शुद्ध रे २७० आणि शुद्ध ग ३००. सा ३२० केला तर रे ३६० आणि ग ४००. आकडे सगळे बदलले, पण २४० : २७० : ३०० आणि ३२० : ३६० : ४०० ही गुणोत्तरं एकच आहेत, ८ : ९ : १०. आपला मेंदू चाल लक्षात ठेवतो ती बहुतांशी अशी, सुरांमधल्या अंतरांच्या रूपात. गुणोत्तर हा शब्द ऐकून घाबरणारी मुलंसुद्धा गाणं ओळखताना हे गणित बिनचूक करत असतात.

ही अंतरं ओळखण्याची क्षमता बऱ्याच अंशी उपजत असली, तरी त्यांतली कोणती 'आपली' वाटतात हे ऐकून ऐकून ठरतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांचे तुकडे ऐकवून, त्यानंतर येणारा एकेक सूर त्यात कितपत बसतो असं विचारलं होतं. जे सूर तुकड्यात जास्त वेळ ऐकू आले ते बसतात, एवढं दोन्ही गटांना कळलं. पण रागामागच्या थाटाची जाण फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत दिसली. त्यांना थाट कुणी पाठ करून घेतला नव्हता, असं नव्हे. पण रोज कानावर पडणाऱ्या संगीतातून मेंदू नकळत नियम गोळा करत राहतो, हे अशा अनेक प्रयोगांतून पुढे आलं आहे. आपण मातृभाषेचं व्याकरण असंच शिकतो.

२०१६ साली याची दुसरी बाजू समोर आली. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात, ॲमेझॉनच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा फारच थोडा संबंध आलेला आहे. एकमेकांशी जुळणारे आणि न जुळणारे सूर एकत्र वाजवून दाखवले, तेव्हा त्यांना दोन्ही सारखेच गोड वाटले. सुरांचा 'गोडवा' हासुद्धा पूर्णपणे कानात भरलेला नसतो, तो काही प्रमाणात सवयीने येतो.

सम येण्याआधीच मान हलते

आता तालाकडे वळू. त्रितालाचा ठेका चालू आहे. गायक तान घेऊन समेकडे येतो आहे. श्रोत्यांची मान समेवर हलते. समेनंतर नव्हे, बरोबर समेवर. सम ऐकून मग मान हलवायची म्हटलं तर उशीर होईल, कारण ऐकलेल्या आवाजाला प्रतिसाद द्यायला आपल्याला साधारण सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा तरी लागतो. म्हणजे मेंदू सम येण्याची वेळ आधीच ताडून तयार असतो.

या ताडण्याच्या कामात गंमत अशी, की श्रवणकेंद्राबरोबर हातपाय हलवण्याची आखणी करणारे मेंदूचे भागही कामाला लागतात. माणूस यंत्राखाली अगदी निश्चल पडून ताल ऐकत असला तरीही. मेंदूत खोलवर असलेले बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह यात महत्त्वाचे आहेत. पार्किन्सनच्या आजारात नेमकं यांचंच काम बिघडतं आणि चालताना पाऊल अडखळतं. अशा रुग्णांना ठरावीक लयीचा ठोका ऐकवला तर अनेकांचं चालणं सुधारतं, असं १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. आज ही उपचारांतली एक नेहमीची पद्धत झाली आहे.

लयीची ही जाण किती लवकर येते? २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी दोनतीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना तालवाद्याचा ठेका ऐकवला आणि त्यांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवल्या. ठेक्यातला मुख्य ठोका गाळला की लहरींत लगेच फरक दिसे. इतर ठोके गाळल्यावर तसा दिसत नसे. जे वाजलंच नाही त्याची वाट बाळाचा मेंदू पाहत होता.

वर्गासाठी सोपा प्रयोग : 'सा रे ग म प ध नी' असं सावकाश म्हणा आणि 'नी'वर थांबा. वर्गात चुळबूज सुरू होईल. कुणीतरी न राहवून वरचा 'सा' म्हणून टाकेल. अपेक्षा म्हणजे काय ते मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

अंगावर काटा का येतो?

अपेक्षा निर्माण करायची, ती लांबवायची, कधी हुलकावणी द्यायची आणि शेवटी पुरी करायची. संगीतातला आनंद यातून येतो, असं अमेरिकी अभ्यासक लिओनार्ड मेयर यांनी १९५६ साली आपल्या पुस्तकात मांडलं होतं. तेव्हा मेंदूत डोकावायची सोय नव्हती. ती झाल्यावर, २०११ साली कॅनडातल्या माँट्रियल इथल्या संशोधकांनी, गाणं ऐकताना हमखास अंगावर काटा येतो अशा माणसांना निवडून त्यांची आवडती गाणी ऐकवली. भूक भागल्यावर किंवा बक्षीस मिळाल्यावर मेंदूतलं जे जाळं चेतवलं जातं, तेच या वेळीही चेतवलं गेलं आणि तिथे डोपामिन हे रसायन स्रवलं. विशेष म्हणजे ती उत्कट जागा येण्याआधी, वाट पाहण्याच्या काळात, या जाळ्याचा एक भाग जास्त काम करत होता आणि प्रत्यक्ष जागा आल्यावर दुसरा. वाट पाहण्याचा आनंद आणि मिळाल्याचा आनंद, असे दोन आनंद मेंदूत वेगवेगळे नोंदले गेले.

भावना ओळखण्याबाबतही एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, हिंदुस्थानी संगीताची ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना वेगवेगळ्या भावांचे राग ऐकवले. आनंद, दुःख आणि राग त्यांनी बऱ्यापैकी ओळखले, कारण लय जलद की संथ, सूर साधे की गुंतागुंतीचे यावरून अंदाज बांधता येतो. शांत रस मात्र त्यांना ओळखता आला नाही. म्हणजे भावनेचा काही भाग सर्व माणसांना समान आहे आणि काही भाग त्या त्या परंपरेत वाढल्याशिवाय उमगत नाही.

संगीताचं एकच केंद्र असतं का?

'डावा मेंदू गणिताचा, उजवा मेंदू कलेचा' असं वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. ते फार ढोबळ आहे. सुरांचे बारीक फरक टिपण्यात उजव्या बाजूचा वाटा जास्त असतो हे खरं. श्रवणकेंद्रात संगीताला विशेष प्रतिसाद देणारे पेशींचे समूह असतात हेही अलीकडे, २०१५ पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. पण सूर, लय, आठवण, भावना आणि गाण्याची कृती यांसाठी दोन्ही बाजूंचे अनेक भाग मिळून काम करतात.

याचा पुरावा मेंदूच्या आजारांनी दिला. विसारिओन शेबालिन हे रशियन संगीतकार. १९५३ आणि १९५९ साली त्यांना पक्षाघाताचे झटके आले आणि डाव्या बाजूची हानी झाली. त्यांना बोलणं आणि दुसऱ्याचं बोलणं समजणं फार अवघड झालं. पण ते संगीत रचत राहिले आणि १९६३ साली मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. उलट, फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेल यांच्या शेवटच्या काही वर्षांत संगीत त्यांच्या मनात उमटत होतं, पण ते कागदावर उतरवणं त्यांना जमत नव्हतं. १९३७ साली मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले. भाषा जाऊन संगीत राहू शकतं. संगीत आत राहून बाहेर येण्याची वाट बंद होऊ शकते. टप्पे वेगवेगळे आहेत.

आता 'बेसूर' माणसाकडे येऊ. ज्यांना जन्मतःच सुरांमधले बारीक फरक कळत नाहीत अशी माणसं असतात. या अवस्थेला अम्युझिया म्हणतात. त्यांचे कान चांगले असतात, बुद्धी चांगली असते, बोलणं नीट असतं. पण शब्द काढून टाकले तर ओळखीचं गाणंही त्यांना ओळखता येत नाही. माँट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ यांनी यावर दीर्घकाळ काम केलं आहे. मोठ्या पाहणीनुसार अशी माणसं शेकडा दीडच्या आसपास आहेत. या लोकांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवल्या तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. चुकीचा सूर आला की मेंदू पहिल्या टप्प्यात त्याची नोंद घेतो, पण ती जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. विचारलं तर माणूस म्हणतो, मला काही वेगळं वाटलं नाही.

शेकडा दीड म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी एखादं मूल. आणि आपण 'तुला गाता येत नाही' असं किती जणांना सांगतो? पाच? दहा? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गाताना सूर चुकवणाऱ्या लोकांची ऐकण्याची परीक्षा घेतली. त्यांतल्या बहुतेकांना सुरांमधला फरक व्यवस्थित कळत होता. अडचण होती ती ऐकलेला सूर गळ्याच्या हालचालीत उतरवण्याची. हे कौशल्य आहे आणि कौशल्य सरावाने येतं.

सराव मेंदूत खुणा सोडतो. १९९५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांसाठी त्यांच्या मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा वापरली जात होती. ज्यांनी लहानपणी सुरुवात केली, त्यांच्यात हा फरक अधिक होता.

एक अफवा

इथे एक सावधगिरीची सूचना. संगीत मेंदूवर परिणाम करतं, म्हणजे नुसती कॅसेट किंवा सीडी लावली की मुलं हुशार होतात, असा अर्थ कुणी काढू नये. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकल्यावर ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृत्यांची घडी ओळखण्यासारखी कोडी थोडी जास्त चांगली सोडवली. परिणाम दहापंधरा मिनिटं टिकला. एवढ्यावरून 'मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार करा' असा धंदा उभा राहिला. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीत पुरवण्यासाठी सरकारी पैसा मागितला.

पुढे अनेकांनी तो प्रयोग करून पाहिला, पण मोझार्टची विशेष जादू सिद्ध झाली नाही. एका प्रयोगात काहींना संगीताऐवजी गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांनी गोष्टीनंतर कोडी जास्त चांगली सोडवली. म्हणजे परिणाम होता तो मन प्रसन्न आणि ताजंतवानं होण्याचा. अमुक राग ऐकला की अमुक रोग बरा होतो, अशा आपल्याकडच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. गाणं शिकायचं ते गाण्यासाठी. त्याला गुणपत्रिकेचा टेकू लागत नाही.

वर्गात काय करता येईल?

आता मी तालमीत कुणाचा सूर जुळत नसेल तर तीन गोष्टी तपासतो.

पहिली, ऐकणं. प्रार्थनेची ओळखीची चाल पेटीवर वाजवतो आणि मध्येच एक सूर मुद्दाम चुकवतो. मूल हसलं किंवा त्याने हात वर केला तर त्याचं ऐकणं ठीक आहे.

दुसरी, लक्षात ठेवणं. चारपाच सुरांचा तुकडा दोनदा वाजवतो. दोन्ही तुकडे सारखे होते की वेगळे, एवढंच विचारतो.

तिसरी, गळा. मुलाला माझा सूर लावायला न सांगता, त्याला हवा तो सूर 'आ'कारात लावायला सांगतो आणि पेटीवर तो शोधून मीच त्याच्याशी जुळवतो. सूर जुळल्यावर कसं वाटतं हे काही मुलांना तेव्हा पहिल्यांदाच कळतं. तिथून एकेक पट्टी वर किंवा खाली जायचं. पुरुष शिक्षकाचा आवाज मुलांच्या आवाजाच्या सप्तकभर खाली असतो आणि काही मुलं त्याच खोलीत सूर शोधायला जातात. अशा वेळी दुसऱ्या मुलाला गायला सांगितलं तर काम सोपं होतं. सातवी ते नववीच्या मुलग्यांचा तर आवाज फुटत असतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात आणि मेंदूने आधी बसवलेला हिशेब चुकू लागतो. हा बेसूरपणा नव्हे, वाढ आहे. त्यांना खालची पट्टी द्यावी आणि काही महिने थांबावं.

या तपासणीला एका मुलामागे पाच मिनिटं लागतात. त्यावरून अम्युझियाचं निदान करता येत नाही आणि करूही नये. पण अडचण कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. काही मुलांचा सूर आठवड्यात जुळतो, काहींना वर्ष लागतं, एखाद्याचा जुळतही नाही. असं मूल ठेका धरू शकतं, कारण सुरांची जाण कमी असलेल्या अनेकांना लयीची जाण चांगली असते. गाण्यात त्याच्यासाठी जागा असते.

त्या सातवीतल्या मुलाचा आवाज तेव्हा फुटत होता की काय, हे आता सांगता येणार नाही. मी पाहिलंच नाही. त्याच्यासाठी पाच मिनिटं काढली असती तर कळलं असतं.

तुमच्या वर्गात हे प्रयोग करून पाहा. 'नी'वर थांबल्यावर किती मुलांनी वरचा 'सा' म्हटला, चुकवलेला सूर किती जणांनी पकडला, याच्या नोंदी ठेवा. आणि काय आढळलं ते आम्हाला जरूर कळवा.